चुकीचा आकडा अडवणारं कुणीच नव्हतं, तेव्हा दादासाहेब फाळक्यांनी सिनेमा कसा काढला?

समजा, कोल्हारला भगवती देवीच्या यात्रेत तुम्ही मित्रांचा एक फोटो काढला. मागे पाळण्यांचे दिवे झगमगतायत आणि पुढे सगळ्यांचे चेहरे काळवंडलेले. तुम्ही एडिटिंग ॲप उघडता, ब्राइटनेसची पट्टी उजवीकडे सरकवायला लागता. ६०, ८०, १००. पुढे पट्टी जातच नाही. बोट कितीही ओढा, १०० म्हणजे १००.

यात काय विशेष, असं वाटेल. पण पट्टी तिथे थांबते, कारण कुणा प्रोग्रामरने ती तिथे थांबवलेली असते. आणि पट्टी हा फक्त बाहेरचा दरवाजा झाला. आत फोटोवर खरं काम करते ती इमेज प्रोसेसिंगची लायब्ररी, म्हणजे फोटो उजळणं, धूसर करणं, कापणं, लहानमोठा करणं अशा कामांचा तयार कोड. त्या कोडला काम सांगायचं तर आकडे द्यावे लागतात: किती उजळू, किती धूसर करू, रुंदी किती ठेवू. चांगली लायब्ररी कामाला हात घालण्याआधी हे आकडे हद्दीत आहेत का ते बघते. याला रेंज व्हॅलिडेशन म्हणतात.

ते नसेल तर काय होतं? फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याचा, म्हणजे पिक्सेलचा, उजेड बहुतेक वेळा ० ते २५५ या आकड्यांत साठवलेला असतो. ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा. आता २५० असलेल्या पिक्सेलमध्ये १० मिळवा. पायथॉनमध्ये नम्पाय वापरून ८ बिटांच्या दोन आकड्यांची अशी बेरीज केली तर उत्तर येतं ४. मोटारसायकलचं मीटर ९९९९९ नंतर पुन्हा शून्यावर येतं ना, तसं. तीच बेरीज ओपनसीव्ही या लायब्ररीच्या फंक्शनने केली तर उत्तर २५५, कारण ती हद्दीला जाऊन थांबते. पहिल्या प्रकारात फोटोतला पांढराशुभ्र ढग काळा ठिक्कर पडतो. कुठेही एरर येत नाही. प्रोग्राम हसतमुखाने फाइल सेव्ह करून मोकळा.

आकड्याला हद्द असते, ती पाळली नाही तर चित्र बिघडतं, आणि बिघडलंय हे फार उशिरा कळतं. ही गोष्ट एका माणसाला कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधी, रोज, स्वतःच्या खर्चाने शिकावी लागली. कोल्हारच्या पुलाखालून वाहणारी प्रवरा पुढे टोक्याजवळ गोदावरीला मिळते. ती गोदावरी जिथे उगम पावते त्या त्र्यंबकेश्वरात ३० एप्रिल १८७० रोजी धुंडिराज गोविंद फाळके जन्मले. आपण त्यांना दादासाहेब फाळके म्हणून ओळखतो. भारतीय सिनेमाचे जनक वगैरे सगळं शाळेत वाचलेलं असतंच. इथे त्यांच्याकडे जरा वेगळ्या बाजूने बघू: आयुष्यभर इमेज प्रोसेसिंग करणारा माणूस म्हणून. फक्त त्यांची लायब्ररी पितळेची चक्रं, भिंगं आणि रसायनांची होती, आणि तिच्यात एकही रेंज चेक नव्हता.

बडोद्यापासून लोणावळ्यापर्यंत

वडील संस्कृतचे शास्त्री. पुढे मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवायला लागले म्हणून कुटुंब मुंबईला आलं. १८८५ मध्ये धुंडिराज जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. चित्रकलेचा कोर्स करून मोठ्या भावापाठोपाठ बडोद्याला गेले आणि तिथल्या कलाभवनात शिकले. चित्रं काढणं हे निमित्त झालं. त्यांना खरी भूल पडली ती चित्र तयार कसं होतं याची. फोटो काढणं, काच धुणं, ठसे बनवणं, एकाची शंभर करणं. कलाभवनाचे प्राचार्य गज्जर यांनी त्यांना रतलामला तीनरंगी ब्लॉक बनवायला शिकण्यासाठी पाठवलं.

हे तीनरंगी ब्लॉकचं प्रकरण आपल्या विषयाशी थेट जोडलेलं आहे. एकाच चित्राचे वेगवेगळ्या रंगांच्या काचांमधून तीन फोटो घ्यायचे, प्रत्येकाचा वेगळा ठसा बनवायचा आणि कागदावर तीन शाया एकावर एक छापायच्या. आजच्या फोटोत लाल, हिरवा, निळा असे तीन थर असतात, त्याचाच हा पूर्वज. रंगाचा गडदपणा दाखवायला बारीक-मोठे ठिपके असायचे. कागदोपत्री ठिपका शून्य टक्क्यापासून शंभर टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. छपाईत मात्र अगदी बारीक ठिपके उमटतच नाहीत आणि मोठ्यांच्या मधली जागा शाईने भरून जाते. म्हणजे लिहिलेली हद्द एक आणि वापरायची हद्द त्याहून अरुंद. आजही हेच आहे. पिलो नावाच्या लायब्ररीत जेपीईजी फोटोची क्वालिटी १०० देता येते, लायब्ररी ती घेतेही, पण तिच्याच माहितीपत्रकात लिहिलंय की ९५ च्या वर जाऊ नका. फाइल फुगते आणि चित्रात फरक पडत नाही.

१८९५ मध्ये फाळके गोध्र्याला गेले आणि फोटोग्राफीचा धंदा सुरू केला. तिथे १९०० च्या सुमारास प्लेगने त्यांची पत्नी आणि मूल दोन्ही नेलं. परत बडोद्याला आले तर लोक फोटोच काढून घेईनात. कॅमेरा माणसातली शक्ती शोषून घेतो आणि माणूस मरतो, अशी समजूत पसरलेली. पोटासाठी त्यांनी नाटकाचे पडदे रंगवले, जादूचे प्रयोग केले. जादूगार म्हणून घेतलेलं नाव होतं प्रोफेसर केळफा. उलटं वाचा. १९०२ मध्ये त्यांनी दुसरं लग्न केलं. पत्नीचं नाव सरस्वतीबाई. हे नाव लक्षात ठेवा.

मग पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समनची नोकरी. १९०६ मध्ये ती सोडून लोणावळ्याला स्वतःचा छापखाना. रवि वर्मा प्रेसची देवदेवतांची चित्रं घरोघरी लागत होती, त्या छपाईचं काम त्यांच्याकडे यायचं. छापखाना पुढे दादरला हलला, नवे भागीदार आले, लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स असं नाव झालं. १९०९ मध्ये फाळके रंगीत छपाईची यंत्रं आणायला जर्मनीला जाऊन आले. धंदा जोरात असताना भागीदारांशी खटके उडाले आणि ते बाहेर पडले. वय चाळिशीचं, हातात काही नाही.

त्याच सुमारास गिरगावात अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि पडद्यावर राम-कृष्ण का नसावेत हा विचार डोक्यात बसला. पुढचं वर्षभर त्यांनी मिळेल ते सिनेमाचं साहित्य गोळा केलं, रोज सिनेमे पाहिले, घरी मेणबत्ती आणि भिंग घेऊन भिंतीवर चित्रं पाडली. झोप जेमतेम तीन तास. शरीर किती ताण सहन करेल याचा काटा कुठेच लावलेला नव्हता. डोळे गेले. दिसेनासंच झालं. उपचारांनी आणि वेगवेगळ्या चष्म्यांनी दृष्टी परत आली, आणि लगेच पठ्ठ्या विम्याची पॉलिसी तारण ठेवून लंडनला निघाला.

वाटाण्याचं रोप आणि साधा भागाकार

फेब्रुवारी १९१२ मध्ये ते निघाले आणि १ एप्रिलला परतही आले. बायोस्कोप या साप्ताहिकाच्या संपादकांची ओळख काढून ते सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत गेले आणि काम कसं चालतं ते पाहून घेतलं. ५० पौंडांना विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, कच्ची फिल्म आणि ती भोकं पाडायचं यंत्र मागवलं. सामान मे महिन्यात मुंबईत पोचलं. जोडणीच्या आराखड्यावरून त्यांनी चार दिवसांत सगळं उभं केलं.

भोकं पाडायचं यंत्र कशाला? तर कच्ची फिल्म कोरी पट्टी म्हणून यायची. कॅमेऱ्याचे दात तिला ओढणार, तर दोन्ही कडांना भोकं हवीत. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फ्रेमला चार भोकं, एका फुटात १६ फ्रेम, म्हणजे एका फुटात एका बाजूला ६४ भोकं. दोन भोकांमधलं अंतर पाऊण सेंटिमीटरसुद्धा नाही, साधारण ४.७५ मिलिमीटर. यंत्र ०.०५ मिलिमीटरने चुकीचं लागलं तर फुटाला ३ मिलिमीटरहून जास्त फरक पडतो. चित्र पडद्यावर उड्या मारणार किंवा पट्टी फाटणार. यंत्र मात्र कुरकुर न करता चुकीची भोकं पाडत बसतं. शिवाय हे काम करायचं अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म बाद. ते केलं सरस्वतीबाईंनी. दिवसभर स्वयंपाक, मुलं, आणि रात्री भोकं. त्यांनी फिल्म धुवायची कशी तेही शिकून घेतलं. भारतीय सिनेमाच्या इतिहासात पहिलं क्वालिटी कंट्रोल खातं दादरच्या त्या घरात, या बाईंच्या बोटांत होतं, असं मला वाटतं. त्यांना त्याचं नाव फार उशिरा मिळालं.

कॅमेरा लावल्यावर फाळक्यांनी थेट सिनेमाला हात घातला नाही. आधी आजूबाजूची पोरं खेळताना टिपली, फिल्म धुतली, पडद्यावर लावून पाहिली. प्रोग्रामर आधी छोटा टेस्ट फोटो चालवून बघतो तसं. मग भांडवल देणाऱ्याला दाखवायला काहीतरी हवं होतं, म्हणून कुंडीत वाटाणे पेरले आणि कॅमेरा समोर रोवला. रोप वाढत गेलं तसं थोडंथोडं टिपलं. महिन्याहून जास्त चाललेली वाढ पडद्यावर मिनिटाभरापेक्षा किंचित जास्त वेळात दिसायची. पैसे मिळाले.

या वाटाण्याबद्दल बऱ्याच ठिकाणी एक वाक्य वाचायला मिळतं: फाळके रोज एक फ्रेम घ्यायचे. ऐकायला छान. आता मोबाइलचा कॅल्क्युलेटर काढा. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण १६ फ्रेम जायच्या. एक मिनिट म्हणजे ९६० फ्रेम. रोज एक घेतली तर ९६० दिवस लागतील, अडीच वर्षांहून जास्त. वाटाण्याचं रोप एवढं जगत नाही. आणि महिनाभर रोज एक फ्रेम घेतली तर सिनेमा संपेल दोन सेकंदांत. मिनिटभराची फिल्म महिन्यात बनवायची तर रोज सुमारे ३० फ्रेम हव्यात. म्हणजे एक तर ते मिनिट चुकीचं आहे किंवा रोज एक ही गोष्ट. माझा संशय दुसरीवर आहे. रेंज व्हॅलिडेशन म्हणजे शेवटी असाच खडूस प्रश्न विचारणं: हा आकडा इथे शक्य तरी आहे का?

फ्रेमचा वेग ठरायचा हाताने. त्या काळच्या कॅमेऱ्यांत हँडलच्या एका फेऱ्यात साधारण ८ फ्रेम जायच्या, म्हणून सेकंदाला दोन फेरे. उन्हात, दिवसभर, मनात लय धरून. फाळक्यांनी आपले मित्र त्र्यंबक तेलंग यांना शिकवून कॅमेऱ्यावर उभं केलं. हँडल हळू फिरलं तर दोन गोष्टी घडतात. पडद्यावर माणसं पळायला लागतात, आणि प्रत्येक फ्रेमला जास्त उजेड मिळतो म्हणून चित्र फिकं होतं. भिंगाचं तोंड किती उघडायचं हा वेगळा आकडा. वेग आपापल्या जागी ठीक, भिंगही ठीक, पण दोन्ही मिळून आलेला उजेड फिल्मला झेपत नाही असं होऊ शकतं. विजेवर चालणारे लाइट मीटर यायला अजून वीस वर्षं होती. अंदाज डोळ्यांनी घ्यायचा, आणि डोळे तर नुकते परत मिळालेले.

आजच्या लायब्ररीत हीच भानगड रुंदी आणि उंचीच्या रूपात येते. जेपीईजी फोटोची रुंदी जास्तीत जास्त ६५,५३५ पिक्सेल असू शकते, उंचीही तेवढीच. दोन्ही आकडे वेगवेगळे तपासले तर पास. पण गुणाकार केला तर ४२९ कोटींहून जास्त पिक्सेल होतात. रंगाचे तीन थर धरले की जवळजवळ १३ जीबी मेमरी. असा फोटो सर्व्हरवर टाकून तो बंद पाडता येतो आणि खोडसाळ लोक तो प्रयत्न करतातही. म्हणून पिलो ही लायब्ररी सुमारे ९ कोटी पिक्सेलच्या पुढे गेलं की इशारा देते आणि त्याच्या दुपटीला सरळ नकार देते. एकेक आकडा तपासून भागत नाही, एकमेकांसोबत तपासावे लागतात.

दोन मैलांचा सिनेमा

'राजा हरिश्चंद्र' तयार व्हायला सहा महिने २७ दिवस लागले. दादरला सेट, बाहेरची दृश्यं वांगणीला. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दाबके. तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना म्हणून अण्णा साळुंके. रोहिदास झाला फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. सरस्वतीबाई सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करायच्या, चित्रीकरणात चेहऱ्यांवर उजेड पडावा म्हणून उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहायच्या, आणि रात्री पुन्हा भोकं. त्यांचे दागिनेही या कामी आले. २१ एप्रिल १९१३ रोजी मुंबईत ऑलिम्पिया थिएटरमध्ये निवडक लोकांसाठी खेळ झाला आणि ३ मे १९१३ रोजी कोरोनेशनमध्ये सिनेमा लोकांसमोर आला.

लांबी ३,७०० फूट, चार रिळं. सुरतेत सुरुवातीला गल्ला जमेना तेव्हा एक जाहिरात केली गेली, ती पुढे प्रसिद्ध झाली. तिचा मथितार्थ असा की ५७ हजार फोटोंचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, आणि दर फक्त तीन आणे. लोकांनी गर्दी केली.

आपण दोन्ही आकडे तपासू. फुटाला १६ फ्रेम, ३,७०० फूट, म्हणजे ५९,२०० फ्रेम. जाहिरातीतले ५७ हजार फोटो जवळपास बरोबर आहेत, उलट थोडे कमीच सांगितलेत. आता दोन मैल. एक मैल ५,२८० फुटांचा, दोन मैल म्हणजे १०,५६० फूट. सिनेमा एक मैलही भरत नाही! गंमत म्हणजे नुसता रेंज चेक लावला असता तर हा आकडा सुटला असता, कारण दोन मैलांचे सिनेमे त्या काळात जगात बनत होते. तो पकडला जातो तो शेजारच्या आकड्यामुळे. ५७ हजार फोटो आणि दोन मैल ही दोन्ही वाक्यं एकाच पट्टीबद्दल खरी असूच शकत नाहीत. तीन आण्यांत हे कोण मोजत बसणार, हे जाहिरात लिहिणाऱ्याला पक्कं माहीत असणार.

सिनेमाचा वेळ किती, हाही मजेचा प्रश्न आहे. बहुतेक ठिकाणी ४० मिनिटांच्या आसपास लिहिलेलं सापडतं. ५९,२०० फ्रेम सेकंदाला १६ या वेगाने चालवल्या तर लागतात ६१ मिनिटं ४० सेकंद. २४ ने चालवल्या तर ४१ मिनिटं. फिल्म तीच, एक आकडा बदलला आणि वीस मिनिटं गेली. या दोन वेगांची गोष्ट पुढे येईलच.

सिनेमा चालल्यावर फाळके नाशिकला गेले. 'मोहिनी भस्मासुर', 'सत्यवान सावित्री'. १९१४ मध्ये पुन्हा लंडन, तिथे त्यांच्या कामाचं कौतुक झालं, काम करायचं बोलावणं आलं, ते परत आले. महायुद्ध सुरू झालं आणि पैसे देणारे मागे हटले. त्या तंगीनंतर १९१७ मध्ये 'लंकादहन' आला आणि धो धो चालला. राम आणि सीता दोन्ही अण्णा साळुंकेच. याच वर्षीची एक छोटी फिल्म मला सगळ्यांत आवडते: 'चित्रपट कसे तयार करतात'. त्यात फाळके स्वतः काम करताना दिसतात. आजच्या भाषेत याला डॉक्युमेंटेशन म्हणतात, आणि ते लिहायचा कंटाळा न करणारे लोक तेव्हाही कमीच होते.

१९१८ चा 'श्रीकृष्णजन्म' आणि १९१९ चा 'कालियामर्दन' हे त्यांच्या करामतींचे सिनेमे. 'कालियामर्दन'मध्ये कृष्ण झाली त्यांची मुलगी मंदाकिनी. 'श्रीकृष्णजन्म'मध्ये कंसाला आपलंच मुंडकं धडावेगळं होऊन हवेत तरंगताना दिसतं. अशा दृश्यांसाठी त्या काळची रीत होती एकाच फिल्मवर दोनदा चित्र घेण्याची. एकदा धड, मग फिल्म अंधारात मागे फिरवायची आणि काळ्या कपड्यापुढे मुंडकं. दोन्ही वेळचा उजेड एकाच पट्टीवर जमा होतो. ही बेरीजच झाली. आणि इथे फिल्म नम्पायसारखी वागत नाही, ओपनसीव्हीसारखी वागते. पांढऱ्यावर आणखी उजेड पडला तरी पांढरंच. त्यामुळे मागचा कपडा खरोखर काळा, म्हणजे शून्याच्या अगदी जवळ ठेवावा लागतो. शून्यात काहीही मिळवलं तरी ते आहे तसं उमटतं.

फिल्म मागे फिरवायची तर फ्रेम मोजलेल्या असाव्या लागतात. १२० पुढे तर १२० मागे, १२१ नाही. एकाने चुकलं की मुंडकं धडाआधी उडतं. प्रोग्रामर लोकांना ही एकाची चूक इतकी छळते की तिला स्वतंत्र नाव आहे. १,९२० पिक्सेल रुंद फोटोत शेवटच्या उभ्या ओळीचा नंबर १,९१९ असतो, कारण मोजणी शून्यापासून. म्हणून हद्द लिहिताना टोकाचा आकडा आत की बाहेर हे स्पष्ट लिहावं लागतं.

मोजताना विसरला तर? तेव्हा हातात चुकीचा आकडा नसतो, आकडाच नसतो. कॉम्प्युटरमध्ये यासाठी नॅन नावाची किंमत आहे, म्हणजे संख्या नसलेली संख्या. तिची खोड अशी की तिची कुठल्याही आकड्याशी केलेली लहान-मोठेपणाची तुलना खोटीच ठरते. तुम्ही लिहिलंत, शून्यापेक्षा लहान किंवा एकापेक्षा मोठा असेल तर अडव. नॅन शून्यापेक्षा लहान नाही, एकापेक्षा मोठाही नाही. गेला आत. उलट लिहिलंत की शून्य आणि एकच्या मध्ये असेल तरच सोड, तर तो दारातच अडकतो. दोन्ही वाक्यं आपल्याला सारखी वाटतात. गेटवरच्या वॉचमनला मात्र या दोन वेगळ्या सूचना आहेत.

चोवीस

१९१८ मध्ये भांडवलदार भागीदारांसोबत हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली. इथे पहिल्यांदा फाळक्यांवर बाहेरून हद्द आली. खर्च किती, वेळ किती, निर्णय कुणाचा. भागीदारांना बजेट हवं होतं आणि फाळक्यांना मनासारखं चित्र. कुणाची बाजू घ्यावी हे ठरवणं सोपं नाही. ज्यांनी पैसे घातले त्यांना हिशेब विचारायचा हक्क होताच. पण ज्याने डोळे, विमा आणि बायकोचे दागिने लावून धंदा उभा केला, त्याला दुसऱ्याने घातलेली मर्यादा सहन होणं अवघड. फाळके सगळं सोडून काशीला गेले. तिथे त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिलं. काही वर्षांनी कंपनीत परत आले, पण आता ते पगारी दिग्दर्शक होते.

आणि मग १९३१ मध्ये सिनेमा बोलायला लागला. याने नुसते गाणी-संवाद आले नाहीत, एक आकडा कायमचा ठोकला गेला. मूकपटात सेकंदाला १६ च्या आगेमागे चालायचं. १४ झाले, १८ झाले तरी प्रेक्षक सांभाळून घ्यायचा. आवाज फिल्मच्या कडेवर छापला गेल्यावर वेग जरा हलला की गाणारा बारीक किंवा जाड आवाजात गायला लागतो. म्हणून वेग ठरला २४, मोटारीवर, तसूभर इकडे-तिकडे नाही. जो आकडा आयुष्यभर हाताच्या लयीने सांभाळला, तिथे हाताची गरजच उरली नाही.

लायब्ररीतही असे हट्टी आकडे असतात. ओपनसीव्हीत फोटो धूसर करायच्या गॉसियन ब्लरला चौकटीचा आकार द्यावा लागतो. ३ चालतो, ५ चालतो, ४ दिला की नकार. कारण चौकटीला नेमका मधला पिक्सेल हवा, आणि तो विषम आकड्यातच मिळतो. रंगाची छटा खरं तर ० ते ३६० अंशांत मोजतात, पण ८ बिटांच्या फोटोत २५५ च्या वर जागा नाही, म्हणून ओपनसीव्ही ती अर्धी करून ० ते १७९ मध्ये ठेवते. ज्याला हे ठाऊक नाही तो २४० देतो, निळा रंग शोधायला जातो आणि रिकाम्या हाताने परत येतो.

फाळक्यांचा 'सेतुबंधन' १९३२ मध्ये मूकपट म्हणून तयार झाला आणि नंतर त्याला आवाज जोडावा लागला. मग कोल्हापूरच्या महाराजांचं बोलावणं आलं. कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी 'गंगावतरण' केला. जवळपास अडीच लाख रुपये आणि दोन वर्षं लागून तो १९३७ मध्ये आला. हा त्यांनी दिग्दर्शित केलेला एकमेव बोलपट आणि शेवटचा सिनेमा. तेव्हा ते ६७ वर्षांचे होते. त्यानंतर ते नाशिकलाच राहिले. नवी माणसं, नवे स्टुडिओ, नवी यंत्रं पुढे निघून गेली होती. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचं निधन झालं. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू व्हायला आणखी पंचवीस वर्षं जायची होती.

त्यांच्या फिल्मचा फार थोडा भाग उरला आहे. जो आहे त्यातला काही पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहे आणि त्याच्या डिजिटल प्रती ऑनलाइन फिरतात. अशी फाइल बनवताना सॉफ्टवेअरला एक आकडा द्यावा लागतो: सेकंदाला किती फ्रेम. १६ दिले तरी ते घेतं, २४ दिले तरी घेतं. दोन्ही हद्दीतच आहेत, त्यामुळे कुठलाही रेंज चेक इथे ओरडणार नाही. २४ ची प्रत असेल तर हरिश्चंद्र आणि तारामती तुरुतुरु पळताना दिसतात आणि बघणाऱ्याला वाटतं, जुन्या काळी लोक असाच अभिनय करायचे.

तुम्हाला अशी क्लिप सापडली तर व्हिडिओच्या सेटिंगमध्ये जा आणि प्लेबॅक स्पीड ०.७५ करा. २४ चे १८ होतात. साळुंकेंची तारामती लगेच चालायला लागते.